सिंह, तलवार आणि चार पिंपळपाने : श्रीलंकेच्या राष्ट्रध्वजाचे एक परीक्षण

श्रीलंकेविषयी महाराष्ट्रातील बौद्ध समाजाच्या मनात जो जिव्हाळा आहे, तो निराधार नाही. मुखपरंपरेने चालत आलेला तिपिटक वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, याच द्वीपावर ग्रंथबद्ध झाला. आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथांची रचना केली ती अनुराधपूरच्या महाविहारात. १९५० साली कँडी येथे विश्व बौद्ध भ्रातृसंघाची स्थापना झाली, त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः तेथे उपस्थित होते. अशा देशाच्या राष्ट्रध्वजाकडे आपल्याकडील उपासक काहीशा भक्तिभावाने पाहतात, यात नवल नाही. परंतु भक्तिभावाने केलेला अर्थ आणि ग्रंथांच्या आधारे लागणारा अर्थ हे नेहमी एकच असतात असे नाही. या ध्वजाचे जे विवरण सर्वत्र प्रचलित आहे, ते पालि वाङ्मयाच्या कसोटीवर कितपत उतरते, हे पाहण्याचा येथे आमचा प्रयत्न आहे.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. वैशाख पौर्णिमेस शहापूर-मुरबाडकडील विहारांवर, शेणवा परिसरापासून थेट मुंबईपर्यंत, जो पंचरंगी ध्वज लागतो, तो श्रीलंकेचा राष्ट्रध्वज नव्हे. जन्मस्थान एकच असल्यामुळे पुष्कळांची अशी समजूत होते. पंचरंगी धम्मध्वज १८८५ साली कोलंबोतील बौद्धांच्या एका समितीने सिद्ध केला आणि त्याच वर्षीच्या वेसाकला तो प्रथम फडकला. पुढे कर्नल ऑल्कॉट यांच्या सूचनेवरून त्याचा आकार सोयीचा करण्यात आला आणि कालांतराने विश्व बौद्ध भ्रातृसंघाने तो सर्व बौद्धांचा ध्वज म्हणून स्वीकारला. त्यातील नील, पीत, लोहित, ओदात व मंजेट्ठ हे रंग आणि या पाचांच्या मिश्रणाचा सहावा पट्टा यांचा संबंध बुद्धदेहातून निघालेल्या षड्वर्ण रश्मींशी आहे. या रश्मींचे वर्णन 'अट्ठसालिनी' या अट्ठकथेत येते. आपल्याकडे त्यास 'पंचशील ध्वज' म्हणण्याचा प्रघात आहे. नाव गोड असले, तरी एकेक रंग म्हणजे एकेक शील असा अर्थ त्याच्या मूळ योजनेत नाही. हा ध्वज कोणत्याही राज्याचा नाही, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय. राष्ट्रध्वजाची गोष्ट वेगळी आहे. तो राज्यसत्तेचे चिन्ह असतो आणि म्हणून त्याचे परीक्षणही वेगळ्या रीतीने करावे लागते.

श्रीलंकेच्या राष्ट्रध्वजाची रचना अशी आहे. संपूर्ण ध्वजाला पिवळी किनार असून तिच्या आत दोन भाग आहेत. काठीच्या बाजूस दोन उभे पट्टे, एक हिरवा व एक केशरी. उरलेल्या मोठ्या भागात गडद तांबडी भूमी, तीवर उजव्या पंजात तलवार धरलेला सोनेरी सिंह आणि त्या तांबड्या भागाच्या चार कोपऱ्यांत चार पिंपळपाने. हिरवा पट्टा मुस्लिमांचा, केशरी तमिळांचा, तांबडी भूमी सिंहली जनांची, आणि चार पाने म्हणजे मेत्ता, करुणा, मुदिता व उपेक्खा हे चार ब्रह्मविहार, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

प्रचलित विवरण एवढ्यावर थांबत नाही. सिंहाची शेपटी म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग, आयाळीचे कुरळे केस म्हणजे व्रत, प्रज्ञा व ध्यान, दाढी म्हणजे वाणीची शुद्धता, तलवारीची मूठ म्हणजे पृथ्वी, आप, तेज व वायू ही चार महाभूते, नाक म्हणजे बुद्धी, अशी एक सविस्तर यादीच दिली जाते. या यादीस पालि वाङ्मयात कोठेही आधार नाही. सिंहाच्या शेपटीत अष्टांगिक मार्ग पाहणारे एकही सुत्त निकायांत नाही. अष्टांगिक मार्गाचे प्रतीक शोधावयाचे तर धम्मचक्राएवढे निःसंदिग्ध प्रतीक उपलब्ध आहे. मुलांना शिकविण्याच्या हेतूने चिन्हाच्या प्रत्येक अवयवास एकेक सद्गुण चिकटविण्याची ही पद्धत निरुपद्रवी वाटते. पण तिचा एक दोष आहे. ती सिंहाच्या प्रत्येक केसाचा अर्थ सांगते आणि त्याच्या पंजात तलवार का आहे, हा मुख्य प्रश्न मात्र टाळते.

या सिंहाची कथा पालि वंसग्रंथ काय सांगतात ते पाहू. 'महावंस' हा ग्रंथ महानाम थेरांनी इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात रचिला. त्याच्या सहाव्या परिच्छेदात वंग देशाच्या राजकन्येला लाळ देशात सिंह पळवून नेतो. तिला त्या सिंहापासून सीहबाहु हा पुत्र व सीहसीवली ही कन्या होते. सीहबाहु मोठा झाल्यावर आई व बहिणीस घेऊन गुहेतून पळतो. पुत्रविरहाने व्याकूळ झालेला सिंह त्यांना शोधत गावोगाव हिंडू लागतो, लोक भयभीत होतात, आणि सिंहाला मारणारास राजा पारितोषिक जाहीर करतो. ते पारितोषिक मिळविण्यासाठी स्वतः सीहबाहु पुढे होतो. येथे ग्रंथकाराने जो तपशील दिला आहे तो फार मोलाचा आहे. पुत्राला पाहून सिंह प्रेमाने पुढे येतो. पुत्र बाण सोडतो. बाण सिंहाच्या कपाळावर आदळतो, पण पित्याच्या चित्तातील स्नेहामुळे तो परत फिरून पुत्राच्या पायाशी पडतो. असे तीन वेळा घडते. मग सिंहाला क्रोध येतो, आणि त्यानंतरचा बाण त्याच्या देहाच्या आरपार जातो.

सातव्या परिच्छेदात 'सीहळ' या नावाची व्युत्पत्ती दिली आहे. सीहबाहुने सिंहाला मारले म्हणून तो सीहळ, आणि त्याच्याशी संबंध असलेले सर्व ते सीहळ. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधाराने सिंह हे सिंहली जनांचे वंशचिन्ह मानले जाते, त्या ग्रंथात सिंह हा शस्त्र धारण करणारा वीर नाही. तो पुत्राकडून मारला गेलेला पिता आहे. शस्त्र मारणाराच्या हातात आहे. ध्वजावर मात्र मेलेल्याच्या पंजात मारणाराचे शस्त्र आले. हा बदल केव्हा व कसा झाला हा चित्रकलेच्या इतिहासाचा विषय आहे. परंतु ध्वजावरील सिंह म्हणजे 'महावंसा'तील सिंह होय, असे सरळ समीकरण मांडणे ग्रंथास धरून नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

आता या कथेचा जो भाग आपल्या भूमीशी संबंधित आहे, त्याकडे वळू. सीहबाहुचा ज्येष्ठ पुत्र विजय हा दुर्वर्तनी निघाला. प्रजेने तक्रार केल्यावर राजाने त्याला सातशे अनुयायांसह, त्यांची अर्धी डोकी मुंडवून, नावेत बसवून देशाबाहेर घालविले. ती नाव लंकेस पोहोचण्यापूर्वी कोठे लागली? सुप्पारकास. सुप्पारक म्हणजे आजचे सोपारे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. 'दीपवंस' हा 'महावंसा'पेक्षाही प्राचीन ग्रंथ सांगतो की, तेथील लोकांनी या परक्यांचे आदरातिथ्य केले, आणि या मंडळींनी त्या बदल्यात मद्यपान, चोरी, व्यभिचार, असत्य भाषण असे वर्तन केले. लोक संतापले, आणि विजयाला पुन्हा नाव हाकारावी लागली.

ही कथा इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारावी असे आमचे म्हणणे नाही. तथापि सोपारे हे बंदर कल्पित नाही. तेथील स्तूप व अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा खंड १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या संशोधनातून प्रकाशात आला, आणि नवव्या लेखाचा खंड १९५६ साली जवळच भुईगाव येथे मिळाला. 'उदान' ग्रंथातील बाहिय दारुचीरिय याच सुप्पारकाच्या किनाऱ्यावर राहत होता. सोपारे-कल्याण या बंदरांचा माल मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जात असे, आणि त्या घाटातील सातवाहनांचे लेख आजही वाचता येतात. तेव्हा ज्या किनाऱ्यावर व्यापारी, भिक्खू आणि राजाज्ञा यांची सतत ये-जा होती, त्या किनाऱ्याचे नाव लंकेच्या वंसकारांना ठाऊक असणे स्वाभाविक आहे. आम्हास महत्त्वाचा वाटतो तो या प्रसंगातील नैतिक निवाडा. वंसकार थेरांनी आपल्या राष्ट्राच्या आद्य पुरुषाचा दुराचार लपविला नाही. पाहुणा म्हणून आलेला शीलभंग करतो तेव्हा त्याला किनारा सोडावा लागतो, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले. ध्वजाच्या आधुनिक विवरणकारांपेक्षा हे प्राचीन थेर अधिक निर्भय होते, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रात या विषयाचा आणखी एक साक्षीदार आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात सिंहलावदानाचे भव्य भित्तिचित्र आहे. पूर्वी काही अभ्यासकांनी ते विजयाच्या लंकाप्रवेशाचे चित्र मानले होते. वस्तुतः त्यातील नायक सिंहल हा व्यापारी आहे. त्याचे जहाज फुटते, तो राक्षसींच्या द्वीपावर सापडतो, बलाह नावाचा अश्व त्याला सोडवितो, आणि पुढे राजा होऊन तो ते द्वीप जिंकतो. पालि जातकांतील वलाहस्स जातक याच कथेचे दुसरे रूप होय. हे चित्र पाचव्या शतकातील, म्हणजे 'महावंसा'च्या रचनेहून फारसे दूर नाही. याचा अर्थ असा की, त्या काळीसुद्धा द्वीपाच्या नावाच्या एकाहून अधिक उपपत्ती बौद्ध जगतात सुखाने नांदत होत्या. एका कथेत सिंहाचा वध, दुसरीत सार्थवाहाची सुटका. अमुक एकच मूळ खरे आणि त्यावरून अमुक एकाच समाजाची मालकी खरी, हा हट्ट त्या काळच्या बौद्धांनी धरलेला दिसत नाही.

मूळ कथेवरून ध्वजाचा अर्थ सिद्ध होत नसेल, तर तो कशावरून सिद्ध होतो? आमच्या मते, तो ज्या ठरावांनी व तडजोडींनी आकारास आला, त्यांवरून. १८१५ साली कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले आणि श्री विक्रम राजसिंहाचा सिंहध्वज इंग्लंडला नेण्यात आला. ई. डब्ल्यू. परेरा यांना तो लंडनमधील चेल्सी येथील रॉयल हॉस्पिटलमध्ये आढळला, आणि राज्य गेल्याला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या १९१५ साली 'दिनमिण' या सिंहली दैनिकाने त्याचे चित्र छापले. त्याच वर्षी द्वीपावर सिंहली व मुस्लिम यांच्यात भीषण दंगली झाल्या, ही गोष्टही विसरता कामा नये. हा ध्वज जनतेच्या डोळ्यांसमोर पुन्हा आला तो अशा वर्षी.

१६ जानेवारी १९४८ रोजी सिंहध्वज हाच स्वतंत्र देशाचा ध्वज असावा असा ठराव संसदेत मांडला गेला. मांडणारे होते बट्टिकलोवाचे सदस्य ए. सिन्नलेब्बे, एक मुस्लिम प्रतिनिधी. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यदिनी तो फडकला. परंतु एका राजघराण्याचा ध्वज सर्वांचा कसा होईल, हा प्रश्न उभा राहिलाच. एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तीत टी. बी. जाया, जी. जी. पोन्नंबलम, सिनेटर एस. नडेसन असे मुस्लिम व तमिळ सदस्यही होते, आणि कार्यवाह होते विख्यात पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान. समितीने सिंहध्वज तसाच ठेवून त्याच्या बाजूस केशरी व हिरवा असे दोन पट्टे जोडण्याची शिफारस केली. नडेसन यांनी असहमती नोंदविली. पट्टे सिंहध्वजाच्या चौकटीबाहेर राहतात, त्यामुळे ऐक्याऐवजी वेगळेपणच दिसते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९५१ साली संसदेने समितीचा ध्वज मान्य केला. बहुमताने ध्वज मिळाला, पण एका सदस्याची शंका अनुत्तरित राहिली.

यानंतर १९७२ साली देश प्रजासत्ताक झाला. तोवर सिंहाच्या चार कोपऱ्यांत कलशाग्रासारखी टोके होती. त्यांच्या जागी चार पिंपळपाने आली. त्याच वर्षीच्या संविधानाने बौद्ध धर्मास अग्रस्थान दिले आणि १९७८ च्या संविधानाच्या नवव्या कलमात ते कायम राहिले. पिंपळपान हे बोधीचे चिन्ह आणि चार पाने म्हणजे चार ब्रह्मविहार, हा अर्थ सुंदर आहे. किंबहुना संपूर्ण ध्वजात पालि परंपरेशी खऱ्या अर्थाने जोडलेले चिन्ह हेच होय. पण म्हणूनच त्याचे परीक्षण अधिक कसोशीने करावयास हवे.

ब्रह्मविहारांना पालि ग्रंथांत दुसरे नाव आहे 'अप्पमञ्ञा', म्हणजे ज्यांस मर्यादा नाही ते. मेत्तेची भावना एका दिशेस, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिशेस, वर, खाली, सर्वत्र पसरावयाची असते. 'विसुद्धिमग्गा'त बुद्धघोषांनी सीमासंभेदाची चर्चा केली आहे. आपण, प्रिय, तटस्थ व वैरी या चौघांमधील सीमा मोडल्याखेरीज मेत्ता पूर्णत्वास जात नाही. आता ध्वजाकडे पाहा. चारही पाने तांबड्या भागाच्या कोपऱ्यांत आहेत. केशरी व हिरव्या पट्ट्यांवर एकही पान नाही. ज्या भावनेचे नावच अमर्याद, तिला चौकटीच्या आत चार कोपऱ्यांत बसविले आहे, आणि ज्यांच्याविषयी ती सर्वाधिक आवश्यक होती, ते चौकटीबाहेर राहिले आहेत. आमच्या मते ध्वजाच्या रचनेतील मुख्य विसंगती हीच होय.

यावर कोणी म्हणेल की, हे रेघा-रंगांत नको तितका अर्थ शोधणे झाले. हा आक्षेप काही अंशी रास्त आहे. सिंहाचे तोंड व तलवार पट्ट्यांकडे आहेत म्हणून तो अल्पसंख्याकांवर चाल करून जात आहे, अशी टीका केली जाते. ती आम्हास ग्राह्य वाटत नाही. ध्वजावरील प्राणी काठीकडे तोंड करून असतो हा सर्वत्र आढळणारा संकेत आहे. परंतु चौकटीची गोष्ट निराळी. नडेसन यांची शंका ध्वज मान्य होण्यापूर्वीच नोंदली गेली होती. पुढे १९५६ चा केवळ सिंहलीस राजभाषा करणारा कायदा, १९८३ च्या जुलैमधील तमिळांची कत्तल, आणि २००९ पर्यंत चाललेले यादवी युद्ध, हा घटनाक्रम पाहिला म्हणजे ती शंका निव्वळ रेघांविषयी नव्हती हे ध्यानी येते. त्या युद्धात क्रौर्य एकाच बाजूने झाले असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. अलीकडच्या काळात काही गटांनी पट्टे अजिबात वगळलेला सिंहध्वज मिरविला. चौकटीबाहेरचे पुसून टाकणे किती सोपे असते, याचा तो दाखला होय.

धम्मचिन्ह आणि शस्त्र यांची सांगड घालण्याचा मोह जुना आहे. 'महावंसा'च्या पंचविसाव्या परिच्छेदात दुट्ठगामणी राजा भाल्यात धातू, म्हणजे बुद्धावशेष, बसवून एळार या तमिळ राजावर चालून जातो. विजयानंतर झालेल्या संहाराने राजास पश्चात्ताप होतो, तेव्हा अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात की मारले गेलेल्यांत माणसे म्हणावीत अशी केवळ दीडच, बाकीचे पशुतुल्य. पाणातिपाताविषयी निकायांत जे सांगितले आहे, त्याच्याशी हे सांत्वन कोणत्याही प्रकारे जुळत नाही. ते भगवंतांचे वचन नाही. ते वंसकाराचे आहे, आणि पालि भाषेत लिहिले आहे एवढ्यावरून त्यास धम्माचे प्रामाण्य येत नाही. त्याच परिच्छेदात दुसरीही गोष्ट आहे. दुट्ठगामणीने एळाराच्या मृत्युस्थळी स्मारक उभारून पूजेची व्यवस्था केली, आणि तेथून जाताना राजांनी वाद्ये बंद ठेवावीत असा दंडक पुढेही पाळला गेला. एकाच ग्रंथात भाल्यावरील धातूही आहे आणि शत्रूपुढे मौनही आहे. राष्ट्र यांपैकी कशाची आठवण ठेवते, हा खरा प्रश्न आहे.

निकायांत ध्वजाविषयी काय सांगितले आहे? संयुत्तनिकायातील धजग्ग सुत्तात सक्क देवांना सांगतो की रणात भय वाटल्यास माझ्या ध्वजाच्या टोकाकडे पाहा. भगवंत त्यावर म्हणतात की, त्याने भय जाईल किंवा जाणारही नाही, कारण सक्क स्वतःच राग, द्वेष, मोह यांपासून मुक्त नाही. म्हणजे ध्वजाचे सामर्थ्य तो ज्याचा आहे त्याच्या चित्तशुद्धीवर अवलंबून आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजाने धम्म हाच आपला ध्वज मानून सर्वांचे रक्षण करावे असे सांगितले आहे. त्या 'सर्वां'त अंतःपुर व सैन्य येते, नगरवासी व ग्रामवासी येतात, श्रमण-ब्राह्मण येतात, पशू-पक्षीसुद्धा येतात. सुत्ताच्या नावात सिंहनाद आहे आणि आशयात कोणासही बाहेर न ठेवणारे रक्षण आहे. सारनाथच्या अशोकस्तंभावरील चार सिंहांना हाच अर्थ लागू पडतो. ते चार दिशांस पाहतात आणि त्यांच्या पंजात शस्त्र नाही.

भारताच्या राष्ट्रध्वजावरील धम्मचक्र याच स्तंभावरून आले, आणि तो ध्वज ठरविणाऱ्या १९४७ च्या समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट वाटते. पण चक्र ध्वजावर असणे आणि ते समाजात प्रवर्तित होणे यांत अंतर आहे, हे आपल्या देशातील वस्त्यावस्त्यांना वेगळे सांगावयास नको. म्हणून शेजारी देशाकडे बोट दाखविण्यासाठी हे परीक्षण केलेले नाही. श्रीलंकेने धम्मचिन्ह राज्यचिन्हात घेतले आणि त्याचे जे झाले, ते कोणत्याही बौद्ध समाजाचे होऊ शकते. संख्येने अधिक असल्यावर मेत्तेस चौकट घालण्याचा मोह होतो, आणि अल्पसंख्य असताना तीच चौकट बाहेरून दिसते. महाराष्ट्रातील बौद्धांनी ती बाहेरून पाहिली आहे. यामुळेच या ध्वजाचे डोळस वाचन करण्याची पात्रता त्यांच्यापाशी अधिक आहे.

धम्मवर्गांतून मुलांना श्रीलंकेचा ध्वज अवश्य दाखवावा. मात्र शेपटीतील अष्टांगिक मार्ग शिकविण्याऐवजी त्यांना सीहबाहुच्या बाणांची कथा सांगावी. अंगुत्तरनिकायात मेत्तेचे अकरा लाभ सांगितले आहेत, त्यांत अग्नी, विष व शस्त्र यांची बाधा होत नाही हा एक आहे. 'महावंसा'तील सिंहाला जोवर मेत्ता होती तोवर तीन बाण निष्फळ ठरले. क्रोध आला आणि चौथा बाण लागला. सिंहाच्या रक्षणास तलवार लागते असे त्या कथेत कोठेही म्हटलेले नाही.